पांढरं फूल, पण कोणतं? अँझा-बोरेगोच्या वाळवंटातली ओळखपरेड

कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाला, सॅन डिएगो शहराच्या पूर्वेचे डोंगर ओलांडले की अँझा-बोरेगो डेझर्ट स्टेट पार्क लागतं. सहा लाख एकरांहून मोठं हे उद्यान राज्यातलं सर्वांत मोठं स्टेट पार्क. हिवाळ्यात पाऊस बरा झाला असेल तर फेब्रुवारीच्या सुमारास इथे रानफुलं यायला लागतात ती एप्रिलपर्यंत टिकतात. 2017 किंवा 2019 सारखं वर्ष असलं तर इतकी येतात की बोरेगो स्प्रिंग्ज या चिमुकल्या गावात गाड्यांच्या रांगा लागतात. त्या गर्दीत जांभळा गालिचा दिसला की माहीतगार माणूस लांबूनच ‘सँड व्हर्बिना’ म्हणून मोकळा होतो. पांढऱ्या फुलापाशी मात्र तोही गुडघ्यावर बसतो.

रानफुलांची बरीच पुस्तकं फुलं रंगानुसार लावतात. नवशिक्याला ते सोयीचं असतं, यात वाद नाही. पण पांढऱ्या रंगाचा विभाग म्हणजे धर्मशाळा असते. मोहरीच्या घराण्यातलं, सूर्यफुलाच्या घराण्यातलं, धोतऱ्याच्या घराण्यातलं, सगळे तिथे शेजारी शेजारी पथारी पसरून. पानं चाळत चित्राशी फूल जुळवत बसलं तर तासाभराने चार उमेदवार उरतात आणि चौघांवरही शंका येते. याचं कारण असं की आपण फूल समोरून बघतो आणि समोरूनच त्याचा फोटो काढतो. पांढऱ्या फुलांची ओळख पटवणाऱ्या खुणा मात्र बहुतेक वेळा पाकळीच्या पाठीवर, देठावर, फुलाच्या खालच्या फुगीर भागात किंवा फळात असतात. समोरचा चेहरा सगळ्यांचा सारखाच पांढरा.

रंगावर किती विश्वास ठेवायचा

पांढरा रंग बहुधा कोणत्या रंगद्रव्याने येत नाही. पाकळीतल्या पेशींच्या मधे हवेच्या बारीक पोकळ्या असतात. उजेड त्यांच्यावर पडून सगळ्या दिशांना विखुरतो आणि पाकळी पांढरी दिसते. पाकळी चिमटीत चुरगळली की तेवढी जागा पाणेरी, जवळजवळ पारदर्शक होते, कारण पोकळ्यांतली हवा निघून गेलेली असते. म्हणजे पांढरं व्हायला झाडाला वेगळं काही करावं लागत नाही, रंग तयार केला नाही की झालं. त्यामुळे एकमेकांशी काडीचंही नातं नसलेल्या कितीतरी घराण्यांत पांढरी फुलं स्वतंत्रपणे आली. रंग सारखा म्हणून नातं असेल, हा तर्क इथे चालत नाही.

त्यात ‘पांढरी फुलं’ हा गटच आपल्या डोळ्यांनी केलेला आहे. आपल्याला पांढऱ्या दिसणाऱ्या बहुतेक पाकळ्या अतिनील किरण शोषून घेतात. मधमाशीला अतिनील दिसतो, त्यामुळे ज्या पाकळीतून तो परत येत नाही ती तिला निळसर-हिरवट दिसत असावी. तिच्या लेखी हे फूल पांढरं नसतंच.

वयानुसारही रंग बदलतो. रात्री शुभ्र असलेलं ईव्हनिंग प्रिमरोझ सकाळी उन्हं चढेपर्यंत गुलाबी होऊन मिटलेलं असतं. एरवी जांभळ्या किंवा निळ्या फुलांच्या ताटव्यात एखादं रोप रंगद्रव्याअभावी पांढरं निघतं. उत्तरेकडच्या मोहावी वाळवंटात लिनँथस पॅरियाय नावाचं बोटभर उंचीचं रोप आहे. त्याच्या एकाच जातीत पांढऱ्या फुलांचे पट्टे आणि निळ्या फुलांचे पट्टे आढळतात. एप्लिंग आणि डॉब्झान्स्की या शास्त्रज्ञांनी त्यावरचा अभ्यास 1942 मध्ये प्रसिद्ध केला. हे पट्टे निव्वळ योगायोगाने पडले की नैसर्गिक निवडीमुळे, यावर उत्क्रांतीच्या अभ्यासकांत पुढे अनेक दशकं वाद चालला, आणि 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीर्घकालीन निरीक्षणांनी निवडीच्या बाजूने कौल दिला. आपल्यापुरता त्याचा अर्थ एवढाच की निळं आणि पांढरं फूल एकाच जातीचं असू शकतं. तेव्हा रंग बघून पुस्तकाचा विभाग उघडावा आणि तिथून पुढे त्याला विसरावं.

हे एक फूल आहे की फुलांचा गुच्छ?

पाकळ्या मोजण्याआधी हा प्रश्न विचारायला हवा, कारण तो चुकला की पुढचं सगळं चुकतं. सूर्यफुलाच्या घराण्यात आपण ज्याला एक फूल म्हणतो तो खरं तर अनेक बारीक फुलांचा एका बैठकीवर बसवलेला गुच्छ असतो. वनस्पतिशास्त्रात त्याला स्तबक म्हणतात. यातली प्रत्येक ‘पाकळी’ हे स्वतंत्र फूल असतं. गुच्छाच्या खाली हिरव्या छदांची, म्हणजे पानांसारख्या बारीक भागांची, एक वाटी असते, आणि ती दिसली की हे सूर्यफुलाचं घराणं असण्याची शक्यता खूप वाढते.

अँझा-बोरेगोमध्ये या घराण्यातलं सहज दिसणारं पांढरं फूल म्हणजे डेझर्ट चिकोरी, शास्त्रीय नाव राफिनेस्क्विया निओमेक्सिकाना. याचा देठ लेचापेचा असतो. त्यामुळे ते बहुधा क्रिओसोटसारख्या एखाद्या झुडपाच्या आत उगवतं, त्याच्या काटक्यांचा आधार घेत वर येतं आणि झुडपाच्या बाहेर डोकं काढून फुलतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की फुलं त्या झुडपालाच आलीत. स्तबकात मधली पिवळी चकती नसते, सगळी पट्टीसारखी फुलं. प्रत्येक पट्टीच्या टोकाला पाच बारीक दाते असतात. एकमेकींना जुळून गेलेल्या पाच पाकळ्यांची ती खूण. देठ मोडला तर पांढरा चीक येतो (मोडू नका, ते पुढे सांगतोच). आणि पट्टीच्या पाठीवर जांभळट-गुलाबी रेघा असतात.

आता याच्या शेजारी व्हाइट टॅकस्टेम ठेवा, म्हणजे कॅलिकोसेरिस राइटाय. तेही पांढरं, त्यालाही चकती नाही, तेच पाच दाते, तोच चीक, आणि पाठीवर लालसर खुणासुद्धा. समोरून काढलेल्या फोटोत ही दोन फुलं वेगळी करणं जाणकारालाही जड जातं. पण नजर जरा खाली नेली की काम मिनिटात होतं. टॅकस्टेमच्या देठाच्या वरच्या भागावर आणि स्तबकाखालच्या हिरव्या वाटीवर इवल्या टाचण्या टोचल्यासारख्या ग्रंथी असतात, खाली बारीक दांडी आणि वर चपटं डोकं. इंग्रजी नावही त्यावरूनच पडलंय. चिकोरीच्या देठावर असलं काही नसतं, तो गुळगुळीत असतो. अशा वेळी देठाचा एक फोटो फुलाच्या दहा फोटोंचं काम करतो.

या चालीचं तिसरं फूल डेथ व्हॅलीच्या बाजूला जास्त भेटतं. त्याचं नाव ग्रॅव्हल घोस्ट. त्याची गोलसर पानं जमिनीला चिकटून असतात आणि मधला देठ इतका बारीक की लांबून फुलं खडीवर अधांतरी तरंगल्यासारखी वाटतात. त्याची ओळख पानांवरून पटते.

पिनकुशन, म्हणजे कीनॅक्टिस, यांचा प्रकार उलटा. यांच्यात पट्ट्या नसतातच, सगळी नळीसारखी बारीक फुलं. फक्त कडेची जरा मोठी होऊन बाहेर पसरलेली असतात, त्यामुळे दुरून पाकळ्यांचा भास होतो. रंग पांढरा, कधी फिकट गुलाबी झाक. उद्यानात यांच्या एकाहून जास्त जाती आहेत आणि त्यांची फुलं बघून काही उपयोग नाही. फ्रेमॉन्टच्या पिनकुशनची पानं जरा मांसल आणि जवळजवळ केसविरहित असतात. एस्टेव्हच्या पिनकुशनच्या कोवळ्या भागांवर कोळ्याच्या जाळ्यासारखी लव असते. पेबल पिनकुशनच्या छदांची टोकं लालसर आणि अणकुचीदार होत गेलेली असतात. तिन्ही खुणा फुलाच्या खालच्या बाजूच्याच.

पिवळी चकती आणि भोवती पांढऱ्या पट्ट्या, असं नेहमीचं डेझीछाप रूप हवं असेल तर डेझर्ट स्टार बघा. हे रोप इतकं बुटकं की उंची दोन-चार सेंटीमीटरच भरते आणि नीट बघायला पोटावर झोपावं लागतं. म्हणूनच तिथले हौशी लोक असल्या रोपांना ‘बेली फ्लॉवर’ म्हणतात. पाऊस कमी झाला तर एका रोपाला एकच फूल येतं, भरपूर झाला तर तेच रोप वीतभर पसरतं. तसंच पांढरं-पिवळं फूल खडकाच्या फटीत, जरा उंच रोपावर आणि कातरलेल्या रुंद पानांसोबत दिसलं तर ते एमरीचं रॉक डेझी असण्याची शक्यता जास्त.

चार पाकळ्या: दोन घराणी, दोन हिशोब

फूल खरोखर एकटं असेल, म्हणजे गुच्छ नसेल, तर पाकळ्या मोजा. चार भरल्या तर या वाळवंटात मुख्यतः दोन घराण्यांत निवड करायची असते: ईव्हनिंग प्रिमरोझचं आणि मोहरीचं. यातला फरक भिंगाशिवायही कळतो. प्रिमरोझमध्ये पुंकेसर आठ असतात. मोहरीत सहा, त्यातले चार लांब आणि दोन आखूड. त्याहून पक्की खूण म्हणजे बीजांडकोशाची जागा. प्रिमरोझमध्ये तो पाकळ्यांच्या खाली असतो, त्यामुळे फूल एका लांबट देठासारख्या भागावर बसलेलं दिसतं आणि पुढे तोच भाग फळ होतो. मोहरीत तो पाकळ्यांच्या वर, फुलाच्या आत असतो.

ड्यून ईव्हनिंग प्रिमरोझ, म्हणजे ईनोथेरा डेल्टॉइडेस, ही इथल्या वाळूची राणी. बोरेगो स्प्रिंग्जच्या उत्तरेला हेंडरसन कॅन्यन रोडच्या कडेला वाळूची सपाटी आहे. चांगल्या वर्षी तिथे सँड व्हर्बिनाच्या जांभळ्या रंगात हिची तळहाताएवढी पांढरी फुलं विखुरलेली दिसतात. फूल मावळतीच्या सुमारास उघडतं, त्याला गोड वास येतो, आणि रात्री हॉकमॉथ जातीचे पतंग त्याच्यावर येतात. फुलाची नळी लांब, मध तिच्या तळाशी. तिथवर पोचायला तेवढीच लांब सोंड लागते आणि ती या पतंगांकडे असते. त्यांतल्या पांढऱ्या रेघांच्या हॉकमॉथच्या अळ्या पुढे याच प्रिमरोझच्या पानांवर ताव मारतात. बहराच्या वर्षी अळ्या इतक्या होतात की स्थलांतर करत उत्तरेकडे निघालेले स्वेन्सन्स हॉक हे शिकारी पक्षी बोरेगोच्या खोऱ्यात उतरून त्यांच्यावर पोट भरतात. फुलाच्या मधोमध बघितलं तर कुक्षीच्या, म्हणजे पराग झेलणाऱ्या टोकाच्या, चार फाका अधिकचिन्हासारख्या पसरलेल्या दिसतात. रोप वाळलं की बाहेरच्या फांद्या वर आणि आत वळतात आणि जमिनीवर चक्क पिंजरा उभा राहतो. फूल संपल्यावरही या सांगाड्यावरून झाड ओळखता येतं, आणि मला वाटतं, फुलं नसलेल्या महिन्यात उद्यानात जाणाऱ्यांसाठी याहून सोपी खूण दुसरी नाही.

ब्राउन-आइड प्रिमरोझ, म्हणजे चायलिस्मिया क्लॅव्हिफॉर्मिस, हे त्याच घराण्यातलं धाकटं भावंड. फूल नखाएवढं, मध्यभागी तपकिरी-किरमिजी ठिपका. फुलं मोठ्या बहिणीच्या मानाने इतकी लहान की नातं सहजासहजी लक्षात येत नाही. पण पुंकेसर मोजले तर आठच भरतात आणि बीजांडकोशही खालीच. कुक्षीला मात्र चार फाका नसतात, तिथे एक छोटासा गोळा असतो. वनस्पतिशास्त्रज्ञ हे दोन गट वेगळे करताना ज्या खुणा बघतात, त्यातली ही एक महत्त्वाची. या जातीची पिवळी फुलं येणारे प्रकारही वाळवंटात आहेत, म्हणजे रंगाने इथेही दगा दिलाच.

मोहरीच्या घराण्यातलं स्पेक्टॅकल पॉड वाळूतच सापडतं, प्रिमरोझच्या शेजारीही. त्याची फुलं साधीच, पांढरी, कधी किंचित जांभळट. फळ मात्र एकदा बघितलं की विसरत नाही: दोन चपट्या गोल चकत्या मधोमध जोडलेल्या, हुबेहूब चष्मा. मोहरीवर्गात फुलं सगळी एका साच्याची असतात, म्हणून अभ्यासक तिथे फळाची वाट बघतात. सुदैवाने या झाडांत वरच्या टोकाला फुलं असतानाच खाली फळं धरलेली असतात. देठावरून नजर खाली आणायची, एवढंच.

सहा पाकळ्या, आणि एक कर्णा

सहा पांढऱ्या पाकळ्या, मोठं कर्ण्यासारखं फूल आणि वाळूवर पसरलेली निळसर-हिरवी, कडेला लाटालाटांची पानं दिसली तर ती डेझर्ट लिली, हेस्पेरोकॅलिस अंड्युलाटा. इथे फार डोकं खाजवावं लागत नाही. तरी पाठ बघाच, कारण प्रत्येक पाकळीच्या मागे मधोमध रुपेरी-हिरवा पट्टा असतो आणि लिलीचं सगळं सौंदर्य मला तरी त्यात वाटतं. हिचा कंद वाळूत खोल असतो. कोरड्या वर्षी तो तसाच पडून राहतो, वर काही येत नाही. इथले मूळ रहिवासी हा कंद खात असत, आणि स्पॅनिश लोकांनी त्याच्या चवीवरून झाडाला ‘आहो’, म्हणजे लसूण, म्हटलं. नाव लिली असलं तरी डीएनएच्या अभ्यासानंतर ही घायपाताच्या गोतावळ्यात गेली आहे.

कर्णाच, पण हातभर झुडपावर, मोठ्या राखट-हिरव्या पानांत आणि वीतभर लांबीचा असेल तर तो धोतरा. इथल्या मोठ्या जातीचं नाव डटुरा राइटाय. फूल संध्याकाळी उघडतं आणि ऊन तापलं की कोमेजतं. याच उद्यानात डटुरा डिस्कलर ही दुसरी जातही आहे. तिचं फूल लहान आणि घशात जांभळी छटा. फूल अर्धवट उघडलेलं असेल तर आत डोकावून बघा, कारण बाहेरून दोन्ही पांढरीच. विषाच्या बाबतीत मात्र दोघांत काही निवडायला नको: पान, फूल, बी, मूळ, सगळ्यांत अ‍ॅट्रोपिन आणि स्कोपोलामिनसारखी द्रव्यं असतात. हात लावल्यावर डोळे चोळू नयेत, चाखणं तर दूरच.

भूत आणि त्याने घेतलेलं सोंग

पाच पाकळ्यांच्या फुलांत एक जोडी अशी आहे की तिच्यासाठी वेगळा वेळ काढावा. सँड ब्लेझिंग स्टार, म्हणजे मेंत्झेलिया इन्व्होल्युक्राटा, आणि घोस्ट फ्लॉवर, म्हणजे मोहाविया कन्फर्टिफ्लोरा. दोन्ही दुधी-पिवळट पांढरी, दोन्हींचा पेला सारख्याच आकाराचा, दोन्ही खडीच्या उतारांवर आणि कोरड्या ओढ्यांच्या पात्रांत, पुष्कळदा एकमेकांच्या सोबतीने वाढणारी. नात्याने मात्र कुठल्या कुठे. घोस्ट फ्लॉवर हे बागेतल्या स्नॅपड्रॅगनचं जवळचं नातलग आहे.

ओळखायची रीत सोपी. ब्लेझिंग स्टारमध्ये पाच सुट्या पाकळ्या आणि आत पुंकेसरांचा दाट झुबका. फुलाखाली पांढरट पातळ छदं, त्यांच्या कडा हिरव्या आणि दातेरी. पानांवर आकडेदार केस असतात, ते कपड्याला धरून ठेवतात. घोस्ट फ्लॉवरमध्ये पाकळ्या तळाशी जुळलेल्या, टोकाला झालरीसारख्या फाटलेल्या, आत किरमिजी ठिपके, आणि परागकण देणारे पुंकेसर फक्त दोन. पाकळी इतकी पातळ की उजेड आरपार येतो. खालच्या ओठावर एक गडद डाग असतो, आणि सगळी गंमत त्या डागात आहे.

ब्लेझिंग स्टारवर झेरालिक्टस नावाच्या एकलकोंड्या मधमाश्या येतात. माद्या पराग गोळा करतात. नर मध पितात, आणि माद्यांच्या शोधातही असतात. घोस्ट फ्लॉवरमध्ये मध नाहीच. तरी हे नर त्याच्या पेल्यात शिरतात. 1980च्या दशकात मांडलेलं स्पष्टीकरण असं आहे: एकूण रूपामुळे हे फूल त्यांना ब्लेझिंग स्टार वाटतं, आणि आतला गडद डाग त्यांना तिथे बसलेल्या मादीसारखा दिसतो. नर आत जातो, अंगाला पराग लावून घेतो, मादीही मिळत नाही आणि मधही नाही, आणि पुढच्या भुताच्या फुलात जाऊन पुन्हा तेच करतो. फुलाचं काम झालेलं असतं.

म्हणजे ही दोन फुलं सारखी दिसतात ती आपलं निरीक्षण कच्चं आहे म्हणून नव्हे. त्यातल्या एकाचं पोटच त्या सारखेपणावर चालतं. फूल ओळखताना जो गोंधळ आपला होतो, तोच माशीचा व्हावा अशी इथे सोय आहे. आपण फक्त आत डोकावून पुंकेसर मोजू शकतो, ती सवड त्या नराला नसते.

जागा, वेळ आणि फोटो

उद्यान सखल वाळूपासून 5,000 फुटांच्या वरच्या डोंगरांपर्यंत पसरलेलं आहे, त्यामुळे ‘अँझा-बोरेगोत दिसलं’ एवढं सांगून भागत नाही. मोकळी वाळू, खडीचा उतार, ओढ्याचं पात्र, खडकाची भेग, दुसऱ्या झुडपाचं पोट, यातलं नेमकं कुठे, ते टिपून ठेवावं. ड्यून प्रिमरोझ खडकाच्या भेगेत सांगितलं तर ऐकणारा भुवया उंचावेल. घड्याळही बघावं. दुपारी दोनला मिटलेलं, गुलाबी झालेलं मोठं फूल आणि संध्याकाळी सातला उघडलेलं शुभ्र फूल ही एकाच झाडाची असतील. ईव्हनिंग स्नो नावाचं आणखी एक नाजूक रोप तर दिवसभर मिटून असतं आणि उतरत्या उन्हात उमलून अख्खी टेकडी पांढरी करतं. सकाळी तिथून गेलेल्याला पत्ताही लागत नाही.

मागच्या वर्षीची यादी यंदा चालेल असंही नाही. एक वर्षात आयुष्य संपवणाऱ्या या रोपांची बियाणी वाळूत वर्षानुवर्षं पडून असतात. फ्रिट्स वेन्ट या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1940च्या दशकात इथल्याच वाळवंटी रोपांवर केलेल्या कामातून दाखवलं की अनेक बिया थोड्या शिडकाव्याला दाद देत नाहीत. वरून पुरेसा पाऊस झाला, बियांवरची अंकुर रोखणारी द्रव्यं धुऊन गेली, तरच त्या रुजतात. त्यातही कोणत्या महिन्यात आणि किती थंडीत पाऊस झाला यावर कोणती जात वर येणार ते ठरतं.

कॅलिफोर्नियाच्या स्टेट पार्कमध्ये फूल तोडायला बंदी आहे, आणि गाडी नेमलेल्या रस्त्याबाहेर नेता येत नाही. तेव्हा पाठ बघायची ती फूल न तोडता. बोटाने हलकेच कलवावं, किंवा छोटा आरसा फुलाखाली धरावा. मोबाइलचा पुढचा कॅमेरा फुलाखाली वर तोंड करून धरला तरी काम होतं. एका रोपाचे निदान पाच फोटो हवेत: समोरून, पाठीमागून, देठ आणि पानं, फळ असेल तर फळ, आणि जरा लांबून अख्खं रोप त्याच्या जागेसकट. आयनॅचरलिस्टसारख्या अ‍ॅपला हे पाच फोटो दिले तर उत्तर बरंच खात्रीचं येतं. फक्त समोरचा दिला तर ते चिकोरीला टॅकस्टेम म्हणेल, आणि तेही ठाम आवाजात. पुढची खात्री करायला बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाची जेप्सन ई-फ्लोरा फुकट उपलब्ध आहे. तिची भाषा रुक्ष आहे, पण दोन जातींत नेमका फरक कशात, हे ती एका ओळीत सांगते.

सगळ्यात बारीक

एक टोळी मात्र वरच्या सगळ्या युक्त्यांना पुरून उरते. केसाळ, बोटभर-वीतभर रोपं, विंचवाच्या नांगीसारखे वळलेले तुरे, आणि त्यावर दोन-तीन मिलिमीटरची पाच पाकळ्यांची पांढरी फुलं. ही क्रिप्टँथा आणि तिची भावंडं, फरगेट-मी-नॉटच्या घराण्यातली. वाटेच्या कडेला हजारोंनी असतात आणि कुणी त्यांच्याकडे बघत नाही. (तेवढीच बारीक पांढरी ‘फुलं’ जमिनीला चिकटलेल्या चपट्या जाळीवर असतील आणि चीक येत असेल तर ते युफोर्बिया. तिथल्या पांढऱ्या पाकळ्या या पाकळ्या नसून ग्रंथींना फुटलेल्या कडा असतात.)

क्रिप्टँथात जातीची ओळख फुलावरून होतच नाही म्हटलं तरी चालेल. ती बियांसारख्या दिसणाऱ्या फळांवरून होते. एका फुलातून जास्तीत जास्त चार कठीण कवचाची बारीक फळं तयार होतात. ती चारही धरली की एकच, गुळगुळीत की खडबडीत, कडेला धार आहे की नाही, आतल्या बाजूची खाच कशी उघडते, हे दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली बघावं लागतं. एका जातीला तेवढी एक सवलत आहे: एरेमोकार्या मायक्रँथाच्या मुळाला जांभळट-लाल रंग असतो आणि तो झाडाच्या तळाशीही उतरलेला दिसतो. पेक्टोकार्या या भावंडाची फळं चांदणीसारखी पसरतात आणि त्यांच्या कडेला दाते असतात, म्हणून तीही सुटते. बाकीच्यांसाठी भिंग आणि पिकलेलं फळ.

यात भर म्हणजे नावं बदलली आहेत. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए-अभ्यासात दिसलं की क्रिप्टँथा म्हणून एकत्र बांधलेली रोपं एका मुळाची नाहीत, आणि त्यातून काही गट वेगळे काढले गेले. अरुंद पानांची क्रिप्टँथा आता जॉन्स्टोनेला अँगस्टिफोलिया आहे. जुन्या पुस्तकात एक नाव, अ‍ॅपवर दुसरं, आणि रोप तेच, असं झालं तर त्याचं कारण हे.

मार्चमध्ये फूल ताजं असतं तेव्हा फळ कच्चं असतं, आणि फळ पिकेपर्यंत रोप वाळून करकरीत झालेलं असतं. म्हणून ताज्या फुलाखाली ‘क्रिप्टँथा, जात नक्की नाही’ एवढंच लिहावं, जागा नोंदवावी आणि जमलं तर दीड-दोन महिन्यांनी भिंग घेऊन त्याच जागी यावं. तेव्हा गर्दी ओसरलेली असते आणि पारा चढलेला. टोपी आणि भरपूर पाणी सोबत हवं.